दोन धातूंचा सांधा

मोटारगाडी कोणत्याही एका धातूची बनलेली नसते. चेसिस पोलादाची, इंजिनाचा ठोकळा बिडाचा किंवा ॲल्युमिनियमचा, गिअरबॉक्सचे कवच ॲल्युमिनियमचे, विजेच्या तारा तांब्याच्या, असा तिचा संसार असतो. कारखान्यात हे भाग बहुधा बोल्टांनी एकत्र आणले जातात आणि त्यामुळे धातूधातूंमधील वैर सहसा उघडकीस येत नाही. परंतु जुन्या गाडीत निराळे इंजिन बसवावयाचे असते, किंवा शर्यतीच्या गाडीसाठी बाजारात न मिळणारा भाग घडवावयाचा असतो, तेव्हा कारागिराला या वैराची गाठ पडते. समजा, इंजिन पेलणारा एक ब्रॅकेट तयार करावयाचा आहे. त्याचा पाया पोलादी आणि भुजा हलकी असावी म्हणून ॲल्युमिनियमची आहे. पोलादाला पोलाद वेल्डिंगने उत्तम जोडता येते. ॲल्युमिनियमला ॲल्युमिनियमही जोडता येते. मग पोलादाला ॲल्युमिनियम का जोडता येऊ नये?

वितळण्यातील अंतर

वेल्डिंगमध्ये दोन्ही तुकड्यांच्या कडा वितळून एक होतात व थिजल्यावर सांधा तयार होतो. यासाठी दोन्ही धातू एकाच वेळी वितळावयास हवेत. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, तर लोखंडाला १५३८ अंश लागतात. पोलाद नुकते लाल होऊ लागते, तोच ॲल्युमिनियमचे पाणी होऊन ते ओघळू लागते. त्यातच ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर त्याच्या ऑक्साइडचे एक अदृश्य कवच असते. हे कवच २००० अंशांहून अधिक उष्णता सहन करते आणि सांध्याच्या आड येते.

ठिसूळ थर

तथापि खरी अडचण याहून खोल आहे. मीठ पाण्यात विरघळावे तसे लोखंड घन ॲल्युमिनियममध्ये विरघळत नाही. फार तर ०.०५ टक्के लोखंड त्यात सामावते. उरलेले लोखंड ॲल्युमिनियमशी संयोग पावून नवी संयुगे बनविते. ही संयुगे दिसण्यात धातूसारखी, पण स्वभावाने काचेसारखी असतात: अतिशय कठीण व तितकीच ठिसूळ. उष्णता जितकी अधिक आणि जितका वेळ अधिक, तितका हा थर जाड होतो. असा सांधा बाहेरून सुबक दिसेल, हाताला घट्ट लागेल. परंतु इंजिनाचे हादरे बसू लागले की थरातून भेग धावत जाते आणि दोन्ही तुकडे स्वच्छ अलग होतात.

यावरून हा थर मुळीच नको, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. ट्रकच्या काही डिझेल इंजिनांतील पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो; पण वरच्या रिंगची खाच लवकर झिजू नये म्हणून तेथे निकेलयुक्त बिडाचे एक कडे बसवितात. हे कडे आधी वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये बुडवितात. त्यामुळे त्याच्यावर संयुगाचा पातळ थर चढतो आणि त्याभोवती लगेच पिस्टन ओततात. ही रीत आल्फिन या नावाने ओळखली जाते. येथे दोन धातूंना धरून ठेवणारा दुवा म्हणजे तोच थर होय. तो सुमारे १० मायक्रॉनच्या आत, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही पुष्कळ कमी राहिला, तर जोडतो. जाड झाला, तर तोडतो. सांधणाऱ्याची सारी विद्या या थराला आवर घालण्यात आहे.

न वितळविता जोडणे

थराला आवर घालण्याचा उत्तम उपाय म्हणजे धातू वितळूच न देणे. १९९१ साली इंग्लंडमधील केंब्रिजजवळच्या वेल्डिंग इन्स्टिट्यूटने एक नवी पद्धत शोधून काढली. तीत फिरणारे कठीण हत्यार सांध्यात दाबून पुढे सरकवितात. घर्षणाने धातू मऊ होतो, कणकेसारखा मळला जातो, पण वितळत नाही. होंडा कंपनीने २०१२ साली ही पद्धत पोलाद व ॲल्युमिनियम यांच्या जोडणीसाठी वापरून अकॉर्ड गाडीची पुढची सबफ्रेम तयार केली. पूर्वीच्या पोलादी सबफ्रेमपेक्षा तिचे वजन २५ टक्क्यांनी कमी भरले.

लहान वर्कशॉपला अशी यंत्रसामग्री परवडणारी नसते. त्याच्यासाठी मधस्थाचा मार्ग आहे. स्फोटाच्या दाबाने किंवा रुळांखाली दाबून एकजीव केलेल्या पोलाद-ॲल्युमिनियमच्या दुहेरी पट्ट्या तयार मिळतात. पट्टीच्या पोलादी बाजूस पोलाद व दुसऱ्या बाजूस ॲल्युमिनियम नेहमीच्या रीतीने वेल्ड करतात. पोलादी जहाजांवर ॲल्युमिनियमचे मजले असेच चढविले जातात. मात्र पट्टीच्या मधल्या सांध्याचे तपमान सुमारे ३०० अंशांच्या वर जाऊ द्यावयाचे नसते; नाही तर जो थर टाळला, तोच पुन्हा वाढू लागतो.

बोल्ट, रिव्हेट आणि पाणी

एखादाच ब्रॅकेट करावयाचा असेल तर बोल्ट किंवा रिव्हेट हाच बहुधा शहाणपणाचा मार्ग ठरतो. लोटस एलिस या इंग्रजी गाडीची ॲल्युमिनियमची चेसिस मुख्यतः एपॉक्सी गोंदाने जोडलेली असून तिची मागची पोलादी सबफ्रेम बोल्टांनी बसविलेली असते. पण येथे दुसरा शत्रू दबा धरून असतो. दोन भिन्न धातू एकमेकांना टेकले आणि त्यांच्यामध्ये खारट पाणी शिरले की एक लहानशी बॅटरी तयार होते. तीत ॲल्युमिनियम झिजते व पोलाद वाचते. १९४८ पासून पुढे बनलेल्या जुन्या लँड रोव्हर गाड्यांत पोलादी सांगाड्याला टेकलेले ॲल्युमिनियमचे पत्रे पांढरी भुकटी होऊन खाल्ले गेलेले पुष्कळांनी पाहिले आहेत. कोकणापासून कोरोमंडलपर्यंतच्या किनाऱ्यावर, खारट हवेत आणि पावसाळ्यात, हा क्षय झपाट्याने होतो.

म्हणून दोन धातूंच्या मध्ये रंग, गोंद अथवा प्लॅस्टिकचे वॉशर घालून त्यांचा स्पर्श तोडावा लागतो. पोलादी पत्र्यात ॲल्युमिनियमचे बारीक रिव्हेट ठोकणे सर्वांत वाईट. कारण मोठ्या पोलादाची सारी झीज लहानशा रिव्हेटवर येऊन पडते. प्रसरणाचाही विचार करावा लागतो. १०० अंशांनी तापल्यावर २० सेंटिमीटर लांबीचे ॲल्युमिनियम तेवढ्याच पोलादापेक्षा सुमारे ०.२ मिलिमीटर अधिक वाढते. बोल्टाच्या भोकात तेवढी मोकळीक नसेल तर प्रत्येक तापण्या-निवण्यासरशी सांधा ताणला जातो.

मोडून पाहणे

सांधा कोणत्याही रीतीने केलेला असो, तो डोळ्यांना कसा दिसतो यावरून त्याची पारख होत नाही. त्याच धातूंचा, त्याच रीतीने एक जादा तुकडा करावा आणि तो शिकंज्यात धरून मुद्दाम मोडावा. तो ॲल्युमिनियमच्या अंगात वाकून फाटला तर सांधा धातूहून बळकट आहे. तो दोन धातूंच्या सीमेवर, न वाकता, कट्‌कन तुटला तर ठिसूळ थर जाड झाला आहे, असे समजावे. स्टिअरिंग व ब्रेक यांच्या भागांवर मात्र असले प्रयोग करूच नयेत. ब्रॅकेटचा एक नमुना मोडण्यात अर्धा दिवस जातो. धावत्या गाडीत तोच सांधा मोडला तर त्यात बसलेल्यांच्या प्राणांशी गाठ असते.