वावडिंग, पळसबी आणि जंताची गोळी

बाळाच्या दुधात वावडिंगाचे चार दाणे टाकून ते उकळायचे, ही आपल्या घराघरांतली जुनी रीत. मिऱ्याएवढ्या या दाण्याला चरकसंहितेने कृमिनाशकांत पहिला मान दिला आहे. काष्ठौषधींच्या दुकानात त्याच्या शेजारी पळसबी, किरमाणी ओवा, कपिला, कुड्याची सालही मिळते. तरी शाळेत जंतांसाठी हातावर पडते ती अल्बेंडाझोलची गोळीच. असे का?

वनस्पतींत दम नाही, हे काही त्याचे उत्तर नव्हे. किरमाणी ओव्याच्या जातकुळीतल्या वनस्पतींमधून १८३० साली सॅन्टोनिन मिळाले आणि पुढे शतकभर ते जंतांवरचे नावाजलेले औषध होते. डाळिंबाच्या सालीतले पेलेटिएरिन शार्ल तान्रे यांनी १८७८मध्ये वेगळे केले. ते पट्टकृमींवर दिले जाई. दक्षिण अमेरिकेतल्या इपेकॅकच्या मुळातले एमेटिन लिओनार्ड रॉजर्स यांनी १९१२मध्ये कोलकात्यात अमीबाच्या आमांशावर टोचून दाखवले.

ही औषधे मागे पडली ती मात्रेच्या अडचणीमुळे. सॅन्टोनिन घेतलेल्या रोग्याला सगळे पिवळे दिसू लागे. मात्रा वाढली की झटके येत. एमेटिन हृदयाला बाधे. अंकुशकृमींवरच्या चेनोपोडियम तेलाने तर माणसे दगावली. जंत हटवणारी मात्रा आणि रोग्याला अपाय करणारी मात्रा यांत अंतर थोडे होते. अल्बेंडाझोल आतड्यातून रक्तात फारसे शोषले जात नाही आणि जंताला साखर घेता येणार नाही अशी त्याची कोंडी करते. म्हणून ४०० मिलिग्रॅमची एक गोळी लाखो मुलांना निर्धास्त देता येते.

आजचे वनस्पतीसंशोधन याच जागी अडते. आपल्या औषधनिर्माण महाविद्यालयांत अर्काची चाचणी बहुधा गांडुळांवर होते: बशीत अर्क ओतायचा, गांडूळ किती मिनिटांत लुळे पडते आणि किती मिनिटांत मरते ते घड्याळ लावून टिपायचे. गांडूळ सहज मिळते, पण ते मातीत राहणारे, वलयांकित प्राण्यांच्या संघातले. आतड्यातल्या गोल जंताशी त्याचे नाते दूरचे. शिवाय बशीतला अर्क पोटातले आम्ल आणि यकृत ओलांडून आलेला नसतो.

माणसांवरच्या चाचण्या मोजक्याच. नायजेरियातली २००७ सालची एक बोलकी आहे. ६० मुलांपैकी निम्म्यांना वाळवलेल्या पपईच्या बियांची पूड मधातून दिली, उरलेल्यांना नुसता मध. आठवड्याने शौचाच्या तपासणीत पहिल्या गटातली २३ मुले परोपजीवींपासून मुक्त दिसली, दुसऱ्या गटातली ५. निकाल आशादायक, पण मुले थोडी आणि पाठपुरावा आठवड्याचा.

आणखी एक घोळ बाजारातला. वावडिंग म्हणून विकले जाणारे दाणे पुष्कळदा त्याच कुळातल्या दुसऱ्याच झाडांचे असतात. एम्बेलिन हे त्यातले मुख्य द्रव्य. त्याचे प्रमाण तपासले नाही तर दोन पुड्यांचा गुण सारखा येईल कसा?

तरीही शोध थांबवून चालणार नाही. चाबूककृमीवर अल्बेंडाझोलची एक गोळी कमी पडते. शेळ्यामेंढ्यांच्या जंतांनी तर या गटातल्या औषधांना दाद देणे अनेक ठिकाणी सोडले आहे. नवे रेणू लागणार, आणि ते शोधायला पळस-कुड्याचे रान चांगले आहे. मात्र ओळख पटलेली वनस्पती, मोजलेले द्रव्य, ठरलेली मात्रा आणि औषधाआधी-औषधानंतर मोजलेली जंतांची अंडी, या क्रमाने गेल्याशिवाय परंपरेचे औषध होत नाही. तोवर मुलांना गोळी द्यावी, हात धुवायला लावावे, आणि पळसबीची पूड मनाने देऊ नये.