हातांनी शिकलेली विद्या

पाठ केलेले सूत्र परीक्षेनंतर पुष्कळदा विसरले जाते. परंतु स्वतःच्या हातांनी उभारलेली आणि डोळ्यांदेखत मोडलेली वस्तू मूल सहसा विसरत नाही.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत प्रा. वुडी फ्लॉवर्स यांनी 1970 च्या दशकात अध्यापनाची अशीच रीत रुजविली. प्रत्येक विद्यार्थ्यास किरकोळ वस्तूंची एकसारखी पेटी मिळे व तीतूनच नेमून दिलेले काम करणारे यंत्र घडवावे लागे. शेवटी यंत्रांची स्पर्धा होई. साहित्य सर्वांचे सारखे. फरक पडे तो विचाराचा. पुढे डीन केमेन यांनी 1989 मध्ये 'फर्स्ट' ही संस्था स्थापिली. तिच्या यंत्रमानवांच्या पहिल्या स्पर्धेत 1992 साली 28 संघ उतरले. चुरशीने खेळावे, पण अडलेल्या प्रतिस्पर्ध्यास साह्य करावे, हा संस्कार फ्लॉवर्स यांनी तेथे दिला.

यासाठी यंत्रशाळाच हवी असे नाही. पुस्तकांच्या दोन चळतींमध्ये सहा बोटे अंतर ठेवून मुलांस वहीचा एकच कागद द्यावा व रिकामा पेला पेलणारा पूल करावयास सांगावे. सपाट कागद तत्काळ वाकेल. त्यालाच पंख्यासारख्या बारीक चुण्या घातल्या, तर तो भार सोशील. कारण चुण्यांमुळे कागदास उंची येते व तो सहज वाकत नाही.

मात्र हे उत्तर आधी सांगू नये. पूल कोसळल्यास रागावूही नये; "का कोसळला?" एवढेच विचारावे. हा प्रश्न स्वतःस विचारण्याची सवय मुलास लागली, की निम्मे शिक्षण झाले असे समजावे.