व्हिस्कीचा फंडा : नाचणी सत्त्व ते सिंगल माल्ट

वाइन टेस्टिंग करून झालं, द्राक्षं तुडवून झाली, द्राक्षमळ्यातले फोटोही काढून झाले. आता नाशिकच्या वीकएण्ड गप्पांमध्ये नवा विषय आलाय, व्हिस्की! पर्नो रिकार्ड कंपनीने २०२२ मध्ये ‘लाँगिट्यूड ७७’ ही सिंगल माल्ट बाजारात आणली. ती आपल्या दिंडोरीत बनते म्हटल्यावर कॉलर टाइट होणारच ना! आमच्या ग्रुपमधल्या एका आयटीवाल्याची मजल तर ‘कुकरला तांब्याची नळी जोडू आणि घरीच काढू’ इथपर्यंत गेली. म्हटलं, हा प्रकार आधी नीट समजून तर घेऊ!

आजीचं सायन्स

सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून बनलेली व्हिस्की. बार्ली भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, भरडायची. ओळखीचं वाटतंय? बाळासाठी आजी नाचणीचं सत्त्व असंच तर करायची! मोड येताना धान्यात एन्झाइम्स तयार होतात. भरड साधारण ६४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात मिसळली, की ते स्टार्चची साखर करतात. हेच मॅशिंग. पाणी उकळतं घातलं तर एन्झाइम्स मरतात आणि हाती येते नुसती खळ! स्टार्च उरलाय का, हे आयोडिनचा थेंब सांगतो. रंग निळा-काळा झाला, तर अजून थांबा. गाळलेल्या गोड पाण्यात यीस्ट पडलं, की दोन-तीन दिवसांत बिअरसारखा ‘वॉश’ तयार.

तांबंच का?

कारण तांबं गंधकाचे उग्र वास ओढून घेतं. वॉश सहसा दोनदा गाळतात. दुसऱ्या खेपेला सुरुवातीची आणि शेवटची धार बाजूला काढायची, मधली तेवढी ठेवायची. मग ओकच्या पिंपात मुक्काम. स्कॉटलंडमध्ये किमान ३ वर्षं, हा तिथला कायदाच. तिथे पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के माल उडून जातो, आपल्या उन्हात त्याच्या कितीतरी पट. पण त्याच उन्हामुळे आपली व्हिस्की लवकर मुरते.

कुकरवाल्यांनो, थांबा!

१९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्यानुसार लायसन्सशिवाय दारू गाळणं गुन्हा आहे. त्यासाठी भट्टीचं सामान बाळगणंसुद्धा! ‘फक्त स्वतःपुरती’ ही सबब चालत नाही. शिवाय अल्कोहोलची वाफ गॅसच्या ज्योतीजवळ भडकते, तेही बंद किचनमध्ये. आणि २०१५ साली मालाडच्या मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने १०० हून अधिक जीव घेतले, हे विसरू नका. ग्लासात मिथेनॉल आहे की नाही, हे जिभेला कळत नाही.

तरीही हात शिवशिवताहेत? मग मोड आणलेली बार्ली, एक थर्मामीटर आणि रविवारची सकाळ एवढं पुरे. तासाभरात फिकं पाणी मधासारखं गोड होतं, ते चाखून बघाच. आयोडिनची टेस्ट मात्र वेगळ्या बशीत! तिथेच फुलस्टॉप. पुढचं काम दिंडोरीकरांवर सोडा, बॉस!