आकडा किती वाजताचा?

राधानगरी, गगनबावड्याकडे पावसाने जोर धरला की कोल्हापुरात पहाटेपासून एकच चौकशी सुरू होते: पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर? तिथे इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले. जनावरे कधी हलवायची, माळ्यावर काय चढवायचे, हे नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीतली घरे या आकड्यावरच ठरवतात.

आता नद्यांची पातळी मोबाइलवरही दिसते. केंद्रीय जल आयोगाने ऑगस्ट 2023 मध्ये ‘फ्लडवॉच’ हे ॲप आणले. सतत बदलणारी अशी माहिती ॲपच्या पडद्यावर अचूक ठेवणे वाटते तितके सोपे नाही.

जुन्या धाटणीच्या ॲपमध्ये नवा आकडा आला की पडद्यावरची प्रत्येक जागा बदलण्याची आज्ञा प्रोग्रामरला वेगळी लिहावी लागे. वरची पातळी, खालचा आलेख, नकाशावरच्या ठिपक्याचा रंग. एखादी जागा विसरली, की आकडा 44 फूट आणि ठिपका मात्र अजून इशाऱ्याच्याच रंगाचा! ‘ऑब्झर्व्हेबल’ नावाच्या पद्धतीत माहिती एकाच ठिकाणी असते आणि पडद्यावरचे सगळे भाग तिच्यावर नजर ठेवून असतात. ती बदलली की सगळे आपोआप बदलतात. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे असेच चालतात. तलाव भरला की ते पाण्याच्या जोरावर उघडतात, पातळी उतरली की मिटतात. कोणी कळ दाबावी लागत नाही.

या विचाराची मुळे 1970 च्या दशकाच्या अखेरीस झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी मांडलेल्या ‘एमव्हीसी’ (मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर) रचनेत आहेत. ही पद्धत ॲपमध्ये वापरता यावी म्हणून गूगलने 2017 मध्ये अँड्रॉइडसाठी ‘लाइव्हडेटा’ हे साधन दिले, ॲपलने 2019 मध्ये ‘स्विफ्टयूआय’. ‘लाइव्हडेटा’ तर पडदा समोर असेल तेव्हाच त्याला बदल कळवतो. ॲप बाजूला ठेवले की ते काम थांबते.

खरी कसोटी लागते ती नेटवर्क रडतखडत चालू असताना. समजा, ॲपने आठ वाजता पातळी मागितली आणि उत्तर वाटेतच अडकले. नऊ वाजता पुन्हा मागितली, तेव्हा 42 फूट हे उत्तर लगेच आले. मग मागून आठचे रखडलेले उत्तर पोहोचले: 41 फूट. शेवटी आले ते ताजे, असे ॲपने धरले तर चढत्या पाण्यात पडद्यावर नदी फूटभर उतरलेली दिसेल. म्हणून प्रत्येक आकड्यासोबत मोजणीची वेळ साठवायची आणि जुन्या वेळेचा आकडा नव्यावर चढू द्यायचा नाही.

दुसरी काळजी रिकाम्या पडद्याची. नवी माहिती येईपर्यंत हातातला आकडा पुसून नुसते गोल चक्र फिरवत ठेवणारी ॲप्स पुष्कळ आहेत. पुराच्या रात्री ते चक्र काय कामाचे? चांगले ॲप आलेली माहिती आधी फोनमध्ये साठवते आणि पडद्याला त्या साठ्यावर नजर ठेवायला लावते. नेटवर्क गेले तरी शेवटची पातळी दिसत राहते. शेजारी तिची वेळ आणि ‘नवी माहिती मिळाली नाही’ अशी स्पष्ट सूचना. माहिती येत आहे, आली, जुनी आहे, मिळालीच नाही, या चारही अवस्था पडद्यावर वेगळ्या दिसल्या पाहिजेत. बिघाड लपवून जुना आकडा ताजा म्हणून दाखवणे हा सर्वांत मोठा दोष, कारण त्यावर विसंबून माणूस घरात थांबतो.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या आकड्यांना तर अशी कोणतीच राखण नसते. कालची पातळी आजची म्हणून सहज पुढे जाते. म्हणून पावसाळ्यात पंचगंगेचा आकडा कुणालाही पाठवताना मोजणीची तारीख आणि वेळ सोबत लिहा. ती माहीत नसेल तर आकडा पुढे पाठवू नका.