तोंडावर तोफा असलेलं जहाज

आपल्या परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. गंगाखेडला गोदावरी आहे खरी, पण तीसुद्धा कोकणाकडे पाठ फिरवून बंगालच्या उपसागराकडे निघालेली. तरी चला, आज कोकणात जाऊ, तेही तीनशे वर्षं मागं!

इंग्रजांच्या लढाऊ जहाजांना दोन्ही कुशींना तोफांच्या रांगा असायच्या. 1765 साली पाण्यात उतरलेल्या ‘व्हिक्टरी’वर तर शंभराच्या आसपास तोफा! जड तोफा तळाच्या मजल्यावर, नाहीतर जहाज कलंडायचं. पण इतकं ओझं घेतलेलं जहाज पाण्यात खोल बसतं. मग ते उथळ खाडीत शिरणार कसं?

आता मराठ्यांच्या आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांचं लढाऊ जहाज, म्हणजे गुराब बघा. दोन-तीन डोलकाठ्या, रुंद अंग, उथळ तळ आणि पुढं लांब निमुळती नाळ. नाळेमागं फळ्यांची भिंत, तिला भोकं पाडून दोन मोठ्या तोफा थेट समोर रोखलेल्या. गोळा चार ते साडेपाच किलोचा! कुशीलाही तोफा असत, पण जरा लहान. इंग्रजाला नेम धरायला अख्खं जहाज आडवं करावं लागे. गुराब तोंड वळवून सरळ चालून जाई.

खरी मजा वारा पडल्यावर. शिडाचं जहाज मग जागीच खिळतं. गुराबही खिळायची की! पण तिच्या मदतीला गलबतं असत. चाळीस-पन्नास वल्ही असलेली ही चपळ होडकी, गाड्याला बैल जुंपावेत तशी, दोरखंडानं गुराबेला ओढत नेत. कुठं? शत्रूच्या पाठीमागं, कारण तिथं तोफा थोड्या. नेम डोलकाठ्यांवर. त्या मोडल्या की वारा सुटूनही उपयोग काय? मग आंग्र्यांचे सैनिक दोर धरून शत्रूच्या जहाजावर चढत. 1735 साली ‘डर्बी’ हे इंग्रजांचं भलंमोठं जहाज कान्होजींचा मुलगा संभाजी आंग्रे याच्या आरमारानं पकडलं.

पुढं आंग्र्यांविरुद्ध पेशव्यांनीच इंग्रजांशी हातमिळवणी केली (मला हे अजून पटत नाही!) आणि फेब्रुवारी 1756 मध्ये आंग्र्यांच्या विजयदुर्ग किल्ल्यावर हल्ला झाला. कान्होजींचे दुसरे पुत्र तुळाजी यांचं आरमार तिथं दाटीनं नांगरलेलं होतं. एक पेटता गोळा ‘रेस्टोरेशन’ जहाजावर पडला, आग शेजारच्या गुराबांना लागली आणि सगळा ताफा जळाला. हे ‘रेस्टोरेशन’ मूळचं इंग्रजांचंच, तुळाजींनी काही वर्षांपूर्वी जिंकलेलं!