भूतकाळामागचा भूतकाळ

न्यायासनासमोर उभा असलेला साक्षीदार "चोर घरात शिरला तेव्हा मालक निघून गेला" अशी जबानी देतो, की "चोर घरात शिरला तेव्हा मालक निघून गेला होता" अशी देतो, यावर साऱ्या खटल्याचा निकाल फिरू शकतो. कारण पहिल्या वाक्यातला मालक चोराला पाहून पळालेला असण्याचा संभव आहे, तर दुसऱ्या वाक्यातल्या मालकाला चोराची गंधवार्ताही नाही. दोन्ही घटना भूतकाळातल्याच. परंतु त्यांच्यातले पौर्वापर्य नमूद करण्याचे काम 'होता' या लहानशा सहायक क्रियापदाने पत्करलेले आहे. फ्रेंच भाषेत हेच काम ज्या काळाकडे सोपविलेले आहे त्याला 'प्ल्यूस्कपार्फे' असे म्हणतात. वरची दोन वाक्ये फ्रेंचमध्ये सांगू गेल्यास पहिल्याच्या शेवटी 'ए पार्ती' असे येईल आणि दुसऱ्याच्या शेवटी 'एते पार्ती'. म्हणजे तेथेही सारा भेद एका अक्षरावर तोललेला. आपल्याकडे फ्रेंच शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना हा काळ बहुधा कोष्टकांच्या रूपाने भेटतो आणि परीक्षा संपताच कोष्टकांबरोबर विसरला जातो, ही खेदाची गोष्ट आहे. कारण मराठी ज्याची मातृभाषा आहे त्याला या काळाची घडण मुळात परकी नाहीच, आणि त्याने सावध राहावयाचे ते केवळ त्याच्या उपयोगाविषयी.

प्रथम घडण पाहू. या काळाचे रूप दोन पदांचे असते : सहायक क्रियापदाचे अपूर्ण भूतकाळातले रूप आणि त्यापुढे मुख्य क्रियापदाचे भूतकालवाचक धातुसाधित. सहायक क्रियापदे दोनच : 'आव्हुआर', म्हणजे जवळ असणे, आणि 'एत्र', म्हणजे असणे. पुरुष आणि वचने मिळून लेखनात आव्हुआरची पाच निरनिराळी रूपे दिसतात खरी, परंतु कानाला ती तीनच आहेत : 'आम्ही' या अर्थी आव्हियों, 'तुम्ही' या अर्थी आव्हिये आणि उरलेल्या सर्वांसाठी आव्हे. एत्रची तऱ्हाही तीच : एतियों, एतिये आणि एते. धातुसाधित बनविण्याची रीतही सरळ आहे. 'फिनीर', म्हणजे संपविणे, याचे 'फिनी' होते, 'व्हांद्र', म्हणजे विकणे, याचे 'व्हांद्यू' होते, आणि 'पार्ले', म्हणजे बोलणे, याचे लेखन तेवढे बदलून उच्चार पार्ले असाच राहतो. पाहणे, करणे, घेणे, वाचणे यांसारख्या नित्याच्या क्रियापदांची धातुसाधिते मात्र अनियमित असून ती पाठच करावी लागतात. 'जाव्हे पार्ले' म्हणजे मी बोललो होतो, 'व्हूझाव्हिये ल्यू' म्हणजे तुम्ही वाचले होते; आणि नकार सांगावयाचा झाल्यास 'न' आणि 'पा' हे दोन शब्द सहायक क्रियापदाच्या दोहों बाजूंना येतात, जसे 'ज नाव्हे पा फिनी', मी संपवले नव्हते.

बहुसंख्य क्रियापदे आव्हुआरच्या पदरी आहेत. एत्रकडे जाणे, येणे, पोचणे, निघणे, शिरणे, पडणे, राहणे, जन्मणे, मरणे अशी गतीची आणि स्थित्यंतराची मोजकी अकर्मक क्रियापदे आणि जेथे कर्ता स्वतःवरच क्रिया करतो अशी आत्मवाचक क्रियापदे तेवढी येतात. यांतलेच एखादे क्रियापद सकर्मक झाले की ते आव्हुआरच्या स्वाधीन होते. माणूस जिना चढला होता असे सांगताना नव्हे, तर 'वर गेला होता' असे नुसते सांगताना एत्र लागते, आणि त्याने पेटी वर नेली होती असे सांगताना आव्हुआर लागते.

या वर्गवारीपेक्षा मराठी वाचकाला अधिक रोचक वाटेल ती बाब धातुसाधिताच्या लिंगवचनाची. आपण 'तो गेला होता, ती गेली होती' असे कर्त्याप्रमाणे रूप बदलतो, तसाच बदल एत्रच्या सोबतीचे फ्रेंच धातुसाधित करते. उलट सकर्मक क्रियापदांत आपण 'तिने कागद लिहिला होता, तिने चिठ्ठी लिहिली होती' असे कर्माचे ऐकतो. आणि फ्रेंचमध्येही आव्हुआरच्या सोबतीचे धातुसाधित कर्माचेच ऐकते, मात्र ते कर्म वाक्यात आधी आले असेल तरच. 'एल आव्हे एक्री ले लेत्र', तिने पत्रे लिहिली होती, या वाक्यात पत्रे मागून येतात म्हणून 'एक्री' अविकृत राहते. परंतु 'ले लेत्र केल आव्हे एक्रीत', तिने लिहिलेली ती पत्रे, असे म्हणताच स्त्रीलिंगी अनेकवचनी पत्रे पुढे होतात आणि एरवी मूक असलेला अंत्य 'त' स्पष्ट ऐकू येऊ लागतो. हा नियम क्लेमाँ मारो (१४९६–१५४४) या राजदरबारी कवीने आपल्या शिष्यांना इटालियन भाषेचा दाखला देऊन पद्यात सांगितला, आणि फ्रेंच मुलांना शुद्धलेखनात तो आजही छळतो. आपल्याला त्याचे मर्म जाणण्यास संस्कृतची वाट आहे. 'तया पत्राणि लिखितानि आसन्' या रचनेतून आपली 'तिने पत्रे लिहिली होती' ही रचना उतरली, तर 'माझ्यापाशी लिहिलेली पत्रे होती' अशा अर्थाच्या लॅटिन रचनेतून फ्रेंच रचना उतरली. दोन्हीकडे धातुसाधित हे मुळात कर्माचे विशेषण होते, आणि विशेषणाने विशेष्याला अनुसरावे हा धर्म दोन्ही भाषांत अद्याप टिकून आहे.

लॅटिनमध्ये या काळाला सहायकाची गरजच नव्हती. 'अमावेरम्' या एका पदात 'मी प्रेम केले होते' एवढा अर्थ मावत असे. सुमारे ८८० सालच्या संत युलालीविषयीच्या काव्यात, जे फ्रेंच साहित्याच्या अगदी आरंभीच्या कृतींपैकी एक आहे, त्या जुन्या एकपदी रूपांचे थोडे अवशेष सापडतात, परंतु तोवर त्यांचा अर्थ साध्या भूतकाळाकडे कलला होता. पुढे फ्रेंचने ती रूपे टाकून दिली. पोर्तुगीजने मात्र ती जपली. गोव्यात पोर्तुगीज शाळांतून ज्यांचे शिक्षण झाले त्यांना 'फालारा' हे एकपदी आणि 'तिन्या फालादु' हे द्विपदी, अशी एकाच अर्थाची दोन्ही रूपे परिचित असतील.

आता उपयोगाकडे वळू, कारण खरा मामला तेथेच आहे. प्ल्यूस्कपार्फे हा काळ घटना किती जुनी आहे हे सांगत नाही. ती भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या क्षणाच्या आधी पूर्ण झाली होती एवढेच सांगतो. म्हणून त्याला आधाराला दुसरा क्षण लागतो. तो क्षण त्याच वाक्यात असलाच पाहिजे असे नाही. 'घर रिकामे होते. सगळे गेले होते.' या दोन वाक्यांत पहिले वाक्य आपल्याला एका क्षणापाशी उभे करते आणि दुसरे त्या क्षणामागचे कारण उघड करते. मराठीत आपण 'मी काल पुण्याला गेलो होतो' असे सहज म्हणतो. तेथे आधाराचा दुसरा क्षण नसतो, केवळ जाणे-येणे आटोपले असा ध्वनी असतो. हेच वाक्य फ्रेंचमध्ये शब्दशः 'जेते आले' असे उतरविले, तर ऐकणारा 'कशाच्या आधी?' या प्रश्नाच्या उत्तरासाठी थांबून राहतो. त्याच्या भाषेला तेथे 'ज स्वी आले' हा नित्याचा भूतकाळ, म्हणजे पासे कोंपोझे, अपेक्षित असतो. उलटपक्षी 'जेवण झाले की तो फिरायला जाई' या सवयीच्या वाक्यात आपल्याला 'होते' सुचतही नाही, परंतु फ्रेंच माणूस तेथे आवर्जून 'कां तिलाव्हे दीने, इल सोर्ते' असे म्हणतो. जाणे रोजचे, आणि त्याआधीचे जेवणही रोजचे, म्हणून पूर्वक्रियेला हाच काळ.

दुसऱ्याचे बोलणे सांगतानाही असाच फरक पडतो. आपण 'मी पत्र पाठवले, असे तो म्हणाला' यात बोलणाऱ्याचे शब्द, त्याच्या 'मी'सकट, जसेच्या तसे ठेवतो. फ्रेंच निवेदक 'मी'चा 'तो' करतो आणि पाठविणे हे म्हणण्याच्या आधीचे असल्यामुळे त्याला प्ल्यूस्कपार्फेत नेतो. संकेतार्थात तर मराठी विद्यार्थी हमखास अडखळतो. 'मला कळले असते तर मी आलो नसतो' यात आपल्या दोन्ही खंडांत एकच रूप आहे; फ्रेंचमध्ये 'जर' या अर्थाच्या 'सी'नंतर प्ल्यूस्कपार्फे आणि मुख्य खंडात भूतकालीन संकेतार्थ, अशी वाटणी पक्की आहे : 'सी जाव्हे स्यू, ज न सरे पा व्हन्यू'. इव्ह रोबेर यांच्या १९६२ सालच्या, मुलांच्या दोन टोळ्यांतील लढाईवरील चित्रपटात एक चिमुरडा याच आशयाचे वाक्य बोलताना 'सी'नंतरही संकेतार्थ वापरतो आणि 'येणे' या क्रियापदाला एत्रऐवजी आव्हुआर लावतो. ते अशुद्ध वाक्य फ्रान्समध्ये सर्वतोमुखी झाले, यावरून ही दोन्ही स्थळे त्या देशातल्या मुलांनाही जन्मतः साध्य नसतात हे दिसते.

एका ठिकाणी मात्र दोन्ही भाषांची रीत एकच आहे. एखाद्याच्या दारात उभे राहून आपण 'एक विचारायला आलो होतो' असे अदबीने म्हणतो, तेव्हा येणे भूतकाळात लोटून मागणीची धार बोथट करतो. फ्रेंच माणूस अगदी त्याच हेतूने 'जेते व्हन्यू' असे म्हणतो.

एमिल बांव्हनिस्त या भाषाशास्त्रज्ञाने १९५९ साली फ्रेंच क्रियापदांच्या काळसंबंधांवर लिहिलेल्या निबंधात इतिहासकथनाची पातळी आणि संभाषणाची पातळी असे दोन विभाग केले. पुस्तकी निवेदनातला साधा भूतकाळ फक्त पहिल्यात नांदतो, आणि प्ल्यूस्कपार्फेला दोन्हींत प्रवेश आहे. विद्यार्थ्याने या काळावर आरंभीच प्रभुत्व मिळवावे याचे हे सबळ कारण. कादंबरीत आणि बाजारात, दोन्हीकडे त्याचे नाणे चालते. त्यासाठी लांबलचक नियमांची घोकंपट्टी नको. लिहिताना 'होता' लेखणीवर आला की 'कशाच्या आधी?' असा प्रश्न स्वतःला विचारावा. उत्तर मिळाले तर प्ल्यूस्कपार्फे लिहावा, न मिळाले तर पासे कोंपोझे. हा प्रश्न विचारण्याची सवय ज्याला लागली, त्याला आपल्या मराठीतला 'होता' कोठे क्रम सांगतो आणि कोठे केवळ आटोपलेपणा सांगतो हेही कळू लागते. आणि परकी भाषा शिकण्याचे श्रम ज्या अनेक अंगांनी फळतात, त्यांत स्वभाषेचे हे डोळस ज्ञान मला सर्वांत मोलाचे वाटते.