एअरबॅग नियंत्रण-व्यवस्थेतील संदेशवहन दोष
मोटारगाडीची टक्कर होताच चालक व प्रवासी यांच्यापुढे क्षणार्धात फुगणारी पिशवी म्हणजे एअरबॅग होय. ती केव्हा फुगवावयाची हे ठरविणाऱ्या इलेक्ट्रॉनीय नियंत्रकाचा संवेदकांशी वा गाडीतील इतर नियंत्रकांशी असलेला संपर्क तुटणे अथवा अनियमित होणे, यास संदेशवहन दोष म्हणतात. ब्रेक वा दिवे प्रत्यक्ष वापरून तपासता येतात. एअरबॅग मात्र एकदाच फुगते व तीही टकरीच्या वेळी. त्यामुळे ती सज्ज आहे की नाही, हे नियंत्रकाकडून येणाऱ्या संदेशांवरूनच कळते. संदेश थांबल्याने व्यवस्था निकामी झाली असे सिद्ध होत नाही. परंतु ती सुस्थितीत आहे असे मानण्यास आधारही उरत नाही.

रचना व कार्य : नियंत्रक बहुधा गाडीच्या तळावर मध्यभागी घट्ट बसविलेला असतो. त्यातील तसेच गाडीच्या पुढील भागातील व बाजूंच्या संवेदकांवरून तो टकरीची तीव्रता ठरवितो. समोरून होणाऱ्या टकरीत हा निर्णय सु. १५ ते ३० मिलिसेकंदांत व्हावा लागतो. निर्णय होताच प्रज्वालकातून विद्युत् प्रवाह सोडला जातो, वायू निर्माण होतो व पुढील सु. ३० मिलिसेकंदांत पिशवी फुगते. प्रज्वालकाचा रोध सु. २ ओहम असून १·२ अँपिअर प्रवाह २ मिलिसेकंद मिळाल्यास तो पेटतो. टकरीत घटमालेच्या तारा तुटल्या तरी हे कार्य व्हावे म्हणून नियंत्रकातील धारित्रांत ऊर्जा साठविलेली असते.

नियंत्रकाचे संपर्कमार्ग तीन प्रकारचे असतात. (१) संवेदकांचा मार्ग : यात बहुधा दोनच तारा असून त्यांतूनच संवेदकास वीज मिळते व प्रवाहातील चढउतारांच्या रूपाने त्याचे संदेश नियंत्रकाकडे येतात. (२) प्रज्वालकांचा मार्ग : यातून संदेश जात नाहीत, नियंत्रक अत्यल्प प्रवाह सोडून प्रज्वालकाचा रोध वारंवार मोजतो. चालकाच्या एअरबॅगेकरिता हा मार्ग सुकाणू चक्राखालील गुंडाळलेल्या चपट्या तारपट्टीतून जातो. (३) इतर नियंत्रकांशी जोडणारा सामाईक मार्ग : यासाठी बॉश या जर्मन कंपनीने १९८६ मध्ये मांडलेली ‘कॅन’ ही पद्धती रूढ आहे. तीत एकमेकींभोवती पीळ दिलेल्या दोन तारांमधील विद्युत् दाबाच्या फरकावरून संदेश वाचला जातो. टकरीचा निर्णय सामान्यतः पहिल्या दोन मार्गांवर अवलंबून असतो. म्हणून तिसरा मार्ग तुटला असताही एअरबॅग फुगू शकते; मात्र ती फुगेलच, असे सांगता येत नाही.

दोषाची लक्षणे : गाडीची किल्ली फिरविल्यावर एअरबॅगेचा दिवा काही सेकंद लागून विझणे, हे सुस्थितीचे लक्षण होय. नियंत्रकाचा संदेश न मिळाल्यास चालकापुढील दर्शक-फलक हा दिवा आपणहून लावून ठेवतो. दिवा मुळीच न लागणे, हेही दोषाचेच लक्षण समजावे. निदानयंत्रावर ‘यू’ अक्षराने सुरू होणारे दोषसंकेत सामाईक मार्गाविषयी असतात. त्यांपैकी ‘यू ०१५१’ हा एअरबॅग नियंत्रकाशी संपर्क तुटल्याचा संकेत होय. तो इतर नियंत्रकांत नोंदला जातो. कोणाचा संदेश आला नाही एवढेच त्यावरून कळते. तो का आला नाही, हे कळत नाही. संवेदकाशी तुटलेल्या संपर्काची नोंद मात्र एअरबॅग नियंत्रक स्वतःच ठेवतो व ती बहुधा ‘बी’ अक्षराने सुरू होते.

निदानाचा क्रम : प्रथम गाडीतील सर्व नियंत्रकांशी संपर्क साधून पाहतात. अनेक नियंत्रक निरुत्तर असल्यास दोष सामाईक मार्गात असण्याचा संभव अधिक. फक्त एअरबॅग नियंत्रक निरुत्तर असल्यास त्याची वितळतार, वीजपुरवठा, भूसंपर्क व जोडणी तपासतात. तो उत्तर देत असूनही इतरांत संकेत आढळल्यास दोष अधूनमधून उद्‌भवणारा वा जुना असू शकतो. अशा वेळी संकेत पुसून गाडी चालवून पाहतात.

सामाईक मार्गाच्या दोन्ही टोकांस प्रत्येकी १२० ओहमचा रोधक असतो. घटमाला तोडून निदान-जोडणीच्या ६ व १४ क्रमांकांच्या टोकांमधील रोध मोजल्यास तो सु. ६० ओहम भरतो. १२० ओहम भरल्यास एका टोकाचा रोधक वा तार तुटलेली असते; शून्याच्या जवळपास भरल्यास दोन तारा एकमेकींना चिकटलेल्या असतात. निदान-जोडणी व हा मार्ग यांच्यामध्ये मध्यस्थ नियंत्रक असल्यास मापन प्रत्यक्ष त्या मार्गावरच करावे लागते. मार्ग निष्क्रिय असता दोन्ही तारांवर सु. २·५ व्होल्ट दाब असतो. संदेशाच्या वेळी एकीवर तो ३·५ पर्यंत चढतो व दुसरीवर १·५ पर्यंत उतरतो. हे चढउतार दोलनदर्शकाने पाहता येतात. वीजपुरवठ्याचे मापन मात्र भार जोडून करावे लागते; कारण गंजलेली जोडणी भाराविना पूर्ण १२ व्होल्ट दाखविते. गालिच्याखाली मुरलेले पाणी, आसन सरकल्याने ताणलेल्या तारा आणि उंदरांनी कुरतडलेली आवरणे ही दोषांची नेहमीची कारणे होत. ती न शोधता नवा नियंत्रक बसविल्यास खर्च होऊनही दोष कायम राहतो.

दक्षता : जोडणी सोडविण्यापूर्वी घटमालेचे ऋण टोक काढून धारित्रे रिकामी होईपर्यंत, म्हणजे उत्पादकाने सांगितलेली काही मिनिटे, थांबणे आवश्यक असते. प्रज्वालकास साधा ओहममापक वा तपासणी-दिवा कधीही लावू नये. त्यामुळे एअरबॅग फुगून गंभीर इजा होऊ शकते. तपासणीपुरता त्याच्या जागी सु. २ ओहमचा रोधक जोडतात.

काही घटना : वीजपुरवठ्यातील दोष किती घातक ठरतो, हे २०१४ मध्ये जनरल मोटर्सने अमेरिकेत व अन्यत्र परत बोलावलेल्या सु. २६ लाख गाड्यांवरून दिसून आले. त्यांतील किल्लीचा खटका चालत्या गाडीत आपोआप सरकून एंजिन व एअरबॅग यांची वीज बंद पडे. कंपनीच्या भरपाई-निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. २०१९ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने सु. १·२३ कोटी गाड्यांतील नियंत्रकांचा तपास विस्तारला. टकरीच्या वेळी संवेदकांच्या तारांतून आलेल्या अतिरिक्त विद्युत् दाबाने नियंत्रक निकामी होतो काय, हा त्यातील प्रश्न होता.

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारगाड्यांत चालकासाठी आणि १ एप्रिल २०२१ पासून नव्या प्रकारांच्या गाड्यांत पुढील सहप्रवाशासाठीही एअरबॅग सक्तीची झाली. त्यामुळे या निदानाचे ज्ञान सर्वसाधारण दुरुस्ती कारागिरासही आवश्यक झाले आहे. तपासणीचा रोधक प्रज्वालकाच्या जागी कायम ठेवल्यास दिवा विझतो, दोषसंकेतही राहत नाही. परंतु एअरबॅग फुगत नाही. म्हणून दिवा विझणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. मूळ जोडणी पूर्ववत करून गाडी पुनःपुन्हा सुरू केल्यावरही दोषसंकेत न उमटणे, हीच दुरुस्तीची खरी कसोटी होय.